वेदीवरचा विस्तव

श्रोतेहो, प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात तुम्हां सर्वांना सकाळचा सलाम.

आज विस्तवाबद्दल बोलायचंय. ज्यांच्या घरात चूल होती त्यांना मी वेगळं काय सांगणार? रात्री भाकऱ्या झाल्या की आमची आई निखारे मागे सारायची, त्यावर गोवरीचा तुकडा ठेवायची आणि सगळं राखेनं झाकून टाकायची. पहाटे राख बाजूला करायची, चार वाळक्या काटक्या घालायची, फुंकणीनं दोन फुंका मारायची, की चूल पेटली. काडेपेटीतली एक काडी वाचायची, आणि तेव्हा त्या एका काडीचाही हिशोब असायचा. पण आई तापानं पडली आणि कुणी राखेकडे बघितलंच नाही, तर सकाळी शेजारी खापरीत विस्तव मागायला जावं लागायचं. मी गेलेली आहे. हातात खापरी धरून दुसऱ्याच्या दारात उभं राहताना काय वाटतं, ते मला अजून आठवतं.

पवित्र शास्त्रातल्या लेवीयाच्या पुस्तकातला सहावा अध्याय आपण सहसा भरभर वाचून पुढे जातो. आज दुपारी सावकाश वाचा. याजकानं, म्हणजे अर्पणं करणाऱ्या पुरोहितानं, सकाळी तागाचा झगा घालायचा, वेदीवरची राख उचलायची, वेदीपाशी ठेवायची. मग कपडे बदलून ती राख छावणीबाहेर नेऊन टाकायची. आणि रोज सकाळी वेदीवर लाकडं रचायची. वेदीवरचा अग्नी विझू द्यायचा नाही, हे तिथं थोडक्या ओळींत पुन्हा पुन्हा सांगितलंय. आता नववा अध्याय बघा. होमबली, म्हणजे वेदीवर पूर्ण जाळायचं अर्पण, भस्म करणारा अग्नी परमेश्वरासमोरून निघाला होता, कुणा माणसानं लावला नव्हता. अग्नी त्याचा. राख काढायचं आणि लाकूड आणायचं काम मात्र आपलं. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा इथं येणार आहे. राख काढायची, लाकूड ठेवायचं. रोज.

इफिस शहरातल्या ख्रिस्ती मंडळीचं काय झालं ते तुम्हांला माहीत आहे. प्रेषित पौलानं तीन वर्षं रात्रंदिवस, डोळ्यांत पाणी आणून जिथं शिकवलं, ती मंडळी. शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात प्रभू तिला काय म्हणतो? तुझी कामं मला ठाऊक आहेत, तुझे श्रम ठाऊक आहेत, तुझा धीर ठाऊक आहे, खोट्या प्रेषितांना तू पारखलंस, माझ्या नावासाठी सोसलंस आणि खचली नाहीस. आपल्या पंचायतीचा, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीचा, वार्षिक अहवाल यापेक्षा वेगळा काय असतो? वर्गणी जमली, भिंतीला रंग झाला, हंगामाचा सण पार पडला, शब्बाथ शाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या शास्त्रवर्गाच्या, परीक्षेला इतकी मुलं बसली. सगळं खरं, सगळं चांगलं. आणि मग प्रभू म्हणतो, तू आपली पहिली प्रीती सोडलीस. हरवली असं म्हणत नाही बरं का. सोडलीस म्हणतो.

आता जी गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, ती सांगते. माझ्या घरच्यांना ती पाठ आहे. तुमच्यापैकी काहींनी माझ्याच तोंडून ऐकली असेल. पुन्हा ऐका.

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली, पुढच्या वर्षी ती पुण्याला आणली. मग 1896-97 चा दुष्काळ पडला. बाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्याच्या कडेला पडलेल्या उपाशी पोरी, लहान लहान विधवा गोळा करून केडगावच्या माळावर घेऊन आल्या. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही आल्या. हजाराच्या वर बायका-मुली, श्रोतेहो. त्यांचं जेवण, अंगावरचे कपडे, अक्षरओळख, हाताला काम. माग होते, तेलघाणा होता, गाईगुरं होती, छापखाना होता. ते मुक्ती मिशन. चाललेलं काम बघायला लांबून लोक यायचे. अहवाल लिहायचा म्हटला असता तर इफिसच्या मंडळीसारखाच झाला असता.

आणि अशा वेळी रमाबाईंना कमी काय वाटावं? त्यांना वाटलं, मुली जेवतात, शिकतात, प्रार्थनेला बसतात, पण ख्रिस्तासाठी त्यांचं मन पेटलेलं नाही. ऑस्ट्रेलियात लोक प्रार्थनेसाठी कसे जमतात, ते त्यांची मुलगी मनोरमा जाऊन बघून आली होती. वेल्समध्ये 1904 साली मंडळ्या जाग्या झाल्याच्या बातम्या येत होत्या. 1905 च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना विचारलं, रोज जमून यासाठी प्रार्थना कोण करील? 70 जणी पुढे आल्या.

हजारांतून 70.

मग एकीला बघून दुसरी, दुसरीला बघून तिसरी, असं करत ती संख्या 550 वर गेली. दिवसातून दोनदा जमायच्या. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मार्च. एप्रिल. केडगावकडचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला मी काय म्हणते ते समजेल. बाहेर काही दिसत नव्हतं. माग चालू, घाणा चालू, धडे चालू, आणि दिवसातून दोनदा गुडघे टेकणं चालू. जून लागला.

29 जूनची पहाट, साडेतीनचा सुमार. मोठ्या मुलींच्या विभागात सगळ्या झोपलेल्या. एक मुलगी जागी होती, प्रार्थनेत होती. त्या विभागाची मेट्रन उठली आणि बघते तर काय, पोर पेटलीय. तिच्या अंगावर जाळ दिसतोय. मेट्रन धावत खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली, पाण्यानं भरलेली बादली उचलली आणि धावत परत आली. बादली वर उचललेली, पाणी आता पडणार. आणि तिनं पाहिलं. ही जळत नाहीय. केस तसेच, कपडे तसेच. जाळ दिसतोय आणि पोर शाबूत आहे.

तिनं पाणी ओतलं नाही.

मिनी अब्राम्स नावाच्या अमेरिकन मिसबाई तिथं काम करत होत्या. मेट्रन त्यांच्याकडे पळत गेली, म्हणाली, चला, आमच्याबरोबर आनंद करा. मिसबाई आल्या तेव्हा त्या विभागातल्या मुली गुडघ्यांवर होत्या, रडत होत्या, आपापली पापं बोलून दाखवत होत्या. आणि ती मुलगी मध्ये बसून देवानं तिच्यासाठी काय केलं ते सांगत होती. हे सगळं त्या मिसबाईंनी पुढं लिहून ठेवलं म्हणून आपल्यापर्यंत पोहोचलं.

दुसऱ्या दिवशी, 30 जूनला संध्याकाळी, रमाबाई योहानाचा आठवा अध्याय शिकवत होत्या. नेहमीच्या शांत आवाजात. शिकवता शिकवता मुली एकदम मोठ्यानं प्रार्थना करायला लागल्या, इतक्या मोठ्यानं की रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. कुणी उभी, कुणी बसलेली, कुणी हात पसरलेले. पुढं मुलींचे गट आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगायला जाऊ लागले. दुष्काळात रस्त्यावरून उचललेल्या मुली, श्रोतेहो, ज्यांच्याकडे दहा वर्षांपूर्वी कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण जाळापाशी थांबतात. मी बादलीपाशी थांबते. त्या मेट्रनला मी कधीच दोष देणार नाही. रात्री दिवे लावून झोपणाऱ्या सुती कपड्यांतल्या पोरींची जबाबदारी तिच्यावर होती. जाळ दिसल्यावर तिनं पाण्याकडे धावायलाच हवं होतं. पण ओतायच्या आधी तिनं डोळे उघडून पाहिलं. तेवढा एक क्षण ती थांबली. आपण थांबतो का? आपल्या उपासनेत एखादी बाई प्रार्थना करताना हुंदके देऊन रडायला लागली, तर शेजारची तिच्या पाठीवर हात ठेवून काय म्हणते? "पुरे गं, पुरे, लोक बघतायत." एखादा तरुण पंचायतीत उठून म्हणाला, आपण शुक्रवारी रात्रभर प्रार्थना करू या, तर पहिला प्रश्न येतो विजेच्या बिलाचा. बादली भरून कोपऱ्यात तयारच असते. केडगावातही त्या वेळी आवाजाला नावं ठेवणारे निघाले, हे कसलं ओरडणं म्हणाले. रमाबाईंनी मुलींना गप्प केलं नाही.

आपली तरुण मुलं दुसरीकडच्या सभांना जातात, म्हणून वडीलधारी मंडळी रागावतात. मी त्या मुलांना विचारलेलं आहे. ती म्हणतात, बाई, तिथं कुणीतरी आमचं नाव घेऊन प्रार्थना करतं. एवढं साधं उत्तर आहे, आणि आपण त्यावर ठराव करत बसतो.

गाण्याबद्दलही मला बोलायचंच आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, आणि त्या माणसानं आपल्याला ख्रिस्ताची भक्ती आपल्या भाषेत, अभंगाच्या चालीत गायला दिली. मिशनची नोकरी सोडून 1917 साली त्यांनी देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, कारण त्यांनाही हीच तळमळ होती. आणि आपण त्यांच्या गीताची पहिली दोन कडवी म्हणून पुस्तक मिटतो, वेळ झाला म्हणून. अहो, भक्ती चढत जाते ती शेवटच्या कडव्यात! पेटी आणि तबला कपाटात, कीबोर्डमध्ये आधीच भरून ठेवलेला ताल सुरू, त्याला कुणासाठी थांबणं माहीत नाही. तबलजी माणूस असतो, म्हाताऱ्या आवाजासाठी तो थांबतो. एवढंच मला म्हणायचंय, तरुणांनी राग मानू नये.

तर राख काढायची आणि लाकूड ठेवायचं. राख म्हणजे काय ते मी फोडून सांगत बसत नाही. ज्याच्या त्याच्या चुलीतली ज्याला त्याला दिसते. एक मात्र सांगते. लेवीयात राख काल जळालेल्या होमबलीचीच आहे. कालचं अर्पण चांगलंच होतं. तरी सकाळी ते उचलून बाहेर न्यायचं. आमच्या वेळी कशी उपासना व्हायची, कसे पाळकसाहेब होते, हे मी स्वतः फार सांगते. तीही राखच.

आणि लाकूड? आमच्या मंडळीत गुरुवारी पहाटे साडेपाचला सात बायका जमतात. कधी पाच. त्यांतली एक भाजीवाली आहे, प्रार्थना झाली की तिथूनच बाजार समितीत जाते. तिच्या पिशवीत रेशनकार्डाचं जुनं प्लास्टिकचं पाकीट आहे, त्यात वहीचा एक कागद चौघडी करून ठेवलेला. त्यावर मंडळीतल्या सगळ्या मुलांची नावं आहेत, तिच्या नातीकडून लिहून घेतलेली, कारण तिला स्वतःला लिहिता येत नाही. वाचताही येत नाही. ती कागद उघडून समोर ठेवते, ओळीवर बोट ठेवते आणि पाठ झालेली नावं त्याच क्रमानं घेते. एखादं मूल शिकायला पुण्याला गेलं तर नाव पुसत नाही. घडीवर कागद फाटायला आलाय, तिनं चिकटपट्टी लावलीय. त्या नावांतली दोन मुलं मागच्या नाताळात परत आली, आणि हिला काही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. म्हणाली, "येणारच होती."

मला 70 जणींची आठवण झाली ती तेव्हा. जाळ जूनमध्ये दिसला, श्रोतेहो. लाकडं जानेवारीपासून रचली जात होती. तुमच्या मंडळीत सात जणी असतील तर सात. दोघी असतील तर दोघी. जानेवारीचीही वाट बघू नका, या गुरुवारी बसा.

वेळ संपत आलीय, पण रमाबाईंचं पुढचं सांगायला हवं. कारण लोक 1905 वर गोष्ट संपवतात, आणि रमाबाई त्यानंतर जवळजवळ 17 वर्षं केडगावात होत्या. त्या वर्षांत त्या बसल्या होत्या पवित्र शास्त्राच्या भाषांतराला. हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळ भाषांतून मराठीत. खेड्यातल्या बाईला कळावं अशा साध्या मराठीत. स्वतः संस्कृतच्या पंडिता, आणि कठीण शब्द बाजूला ठेवून सोपा शब्द शोधत होत्या. ज्यांच्या घरी ते भाषांतर असेल त्यांनी ते कपाटातून काढून मोठ्यानं वाचावं, ही माझी जुनी विनंती आहे. 1921 साली मनोरमा गेली. एकुलती एक लेक, ज्या लेकीच्या हाती सगळं काम सोपवायचं होतं ती. रमाबाईंना नीट ऐकू येत नव्हतं, शरीर थकलेलं. तरी प्रुफं तपासणं चालू राहिलं. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्याच बाया होत्या. पान जुळवून झालं की प्रुफ बाईंकडे यायचं, खुणा होऊन परत जायचं, पुन्हा यायचं. काम पुरं झालं आणि थोड्याच दिवसांत, 5 एप्रिल 1922 ला, रमाबाई प्रभूकडे गेल्या. संपूर्ण पवित्र शास्त्र छापून बाहेर आलं 1924 साली. छापायची उरलेली पानं त्या बायांनी पुरी केली.