वस्ती आणि वजन: तुलना कोणाशी करायची?

शहराचा नकाशा काढून वजनाबद्दल बोलणं आता फार सोपं झालंय. एका थरावर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा), दुसऱ्यावर बागा, फूटपाथ आणि फास्ट फूडची दुकानं. रंग जुळले की निष्कर्ष तयार. यात पहिलीच गोची अशी, की माणसं चिठ्ठ्या टाकून वस्ती निवडत नाहीत. ज्याला चालायची हौस आहे आणि खिसाही परवानगी देतो, तो बागेजवळ घर बघतो. मग त्याच्या सडपातळपणाचं श्रेय बागेला द्यायचं, हौसेला की खिशाला?

अमेरिकेत मात्र एकदा खरोखरच चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. १९९४ ते १९९८ या काळात बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यू यॉर्क इथल्या सरकारी घरांमधली सुमारे साडेचार हजार कुटुंबं सोडतीत आली. एका गटाला घरभाड्याचं व्हाउचर मिळालं, पण अट अशी की घर १० टक्क्यांहून कमी गरिबी असलेल्या वस्तीतच घ्यायचं. दुसऱ्या गटाच्या व्हाउचरला वस्तीची अट नव्हती. तिसऱ्याला व्हाउचरच नाही. दहा ते पंधरा वर्षांनी या कुटुंबांतल्या बायकांची वजनं-उंची मोजली, रक्त तपासलं. ३५ किंवा त्याहून जास्त बीएमआय असलेल्यांचं प्रमाण अटीच्या व्हाउचरच्या गटात, व्हाउचर न मिळालेल्यांच्या तुलनेत, टक्क्यांच्या ४.६ अंकांनी कमी निघालं. बीएमआय ४० च्या वर असलेल्यांत हा फरक ३.४ अंकांचा होता, आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली साखर दाखवणारी चाचणी) ६.५ च्या वर असलेल्यांत ४.३ अंकांचा. शिवाय हे आकडे व्हाउचर मिळालेल्या सगळ्यांचे आहेत. त्यातल्या निम्म्याहून कमी जणींनी ते वापरून घर बदललं होतं.

पण बीएमआय ३० ही तिथली स्थूलतेची नेहमीची रेघ धरली, तर ठोस फरक दिसला नाही. म्हणजे परिणाम टोकाच्या स्थूलतेवर. तो दुकानांमुळे, रस्त्यांमुळे, की रात्री निर्धास्त झोप लागल्यामुळे, हे या रचनेतून सुटं करता येत नाही. सुटं करायला गेलं की बऱ्याचदा हाती काही लागत नाही. फिलाडेल्फियात एका वस्तीत नवं सुपरमार्केट आलं तेव्हा लोकांना आपल्या भागात चांगलं अन्न मिळतं असं वाटू लागलं, पण बीएमआय हलला नाही आणि फळं-भाज्या खाणंही वाढलं नाही.

आपल्याकडे सोडत नाही, पण भावंडं आहेत. एका अभ्यासात लखनौ, नागपूर, हैदराबाद आणि बंगळुरूच्या कारखान्यांतले, गावाकडून आलेले कामगार आणि त्यांचे जोडीदार घेतले. गावीच राहिलेला प्रत्येकाचा एक भाऊ किंवा बहीण तुलनेला बोलावली. घर तेच, बालपण बरंचसं तेच. पुरुषांमध्ये २५ च्या वर बीएमआय असलेले मूळचे शहरी ४२ टक्के, स्थलांतरित ३८ टक्के आणि गावचे १९ टक्के. स्थलांतरित आपल्या भावांपेक्षा शहरी सहकाऱ्यांच्या कितीतरी जवळ. हीसुद्धा निखळ तुलना नव्हे, कारण गाव सोडणारा भाऊ मुळातच वेगळा असू शकतो. तरी नकाशावरचे रंग जुळवण्यापेक्षा ही पद्धत मला कितीतरी विश्वासाची वाटते.

आता वेळेचा हिशेब. साठ किलोच्या माणसाला एक किलोमीटर चालायला, बसून राहण्याचा खर्च वजा जाता, साधारण ३० किलोकॅलरी लागतात. रस्ता चांगला झाला म्हणून तो रोज दोन किलोमीटर जास्त चालला तर ६०. एका वडापावात तीनशेच्या आसपास असतात, हे लक्षात ठेवा. खाणं वाढलं नाही, तर या साठांमुळे वजन अंदाजे अडीच किलोने उतरेल, पण त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळं व्हायला तीन वर्षं. ७,७०० किलोकॅलरी म्हणजे एक किलो, हा भागाकार करून वर्षानुवर्षं वजन घटतच राहील असं समजू नका. वजन उतरतं तसा शरीराचा खर्चही उतरतो. म्हणूनच फूटपाथ बांधून सहा महिन्यांनी वजनं करायची आणि ‘उपयोग झाला नाही’ असा अहवाल द्यायचा, हा शुद्ध वेळेचा अपव्यय. तोवर मोजायचं ते लोक किती चालतात हे.

वस्ती मोजतानाही चुका ठरलेल्या. घराभोवती ८०० मीटरचं, म्हणजे दहा मिनिटांच्या चालीचं, वर्तुळ काढतात. मुंबईत त्या वर्तुळात रुळांपलीकडची बाग येते, पण पूल गाठून तिथे जायला दुप्पट अंतर पडतं. अंतर पायवाटेनेच मोजा. वॉर्डची सरासरी तर घेऊच नका. एकाच वॉर्डात चाळ, झोपडपट्टी आणि टॉवर असतात.

फूटपाथ ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं लिहून भागत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. टेप घेऊन दर पन्नास मीटरवर सर्वांत अरुंद जागा मोजा: डीपीचा डबा, लावलेल्या दुचाक्या, झाडाचा पार वजा करून. एकदा सकाळी, एकदा दिवे लागल्यावर. दिवे नसलेला रस्ता नकाशात असतो, संध्याकाळी बायकांसाठी नसतो.

वस्तीत काय-काय मोजायचं याची अमेरिकी यादी जशीच्या तशी आणली की आणखी एक घोटाळा होतो. तिथे सुपरमार्केट मोजतात. इथे मेथी हातगाडीवरून येते आणि ती हातगाडी परवान्यांच्या यादीत सापडेलच असं नाही. ती मोजायला चालतच फिरावं लागतं. मुळात दिशाही वेगळी: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २५ किंवा त्याहून जास्त बीएमआय असलेल्या बायका शहरात ३३ टक्के होत्या, ग्रामीण भागात २० टक्के. इथे वजन बराच काळ पैशासोबत चढत आलं आहे. त्यामुळे उत्पन्न न विचारता केलेला अभ्यास गेट असलेल्या, गाडीशिवाय न हलणाऱ्या सोसायटीचा दोष तिथल्या बागेवर टाकू शकतो.

शेवटी मोजपट्टी. भारतीय शरीरांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून स्थूलता धरतात. कंबर पुरुषांत ९० सेंटीमीटर, बायकांत ८०. लोकांना वजन विचारून लिहू नका, ते कमी सांगतात. काटा समतल लादीवर ठेवा, चपला काढायला लावा. कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर मोजा. तीन वर्षांनी परत याल तेव्हा काटाही तोच आणा.