रंगभवनातली हुर्यो

मित्रहो, या व्याख्यानाचा विषय, म्हणजे मुंबईतले रॉक संगीत, मी चिटणीसांना फोनवर सांगितला तेव्हा त्यांनी "म्हणजे ते पोरांचं संगीत?" असे विचारले, आणि ती पोरे आता पन्नाशीला टेकली आहेत हे मला त्यांना सांगावे लागले. पन्नाशीचा माणूस आपल्या तरुणपणच्या गाण्यांबद्दल बोलू लागला की तो काय सांगणार हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. सवाई गंधर्व महोत्सवात रात्रभर बसल्याच्या आठवणी सांगणारे एखादे काका आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतात आणि त्यांच्या बोलण्याचा शेवट "आता तसं गाणं राहिलं नाही" इथेच होतो. आज मी माझ्या मंडपाबद्दल बोलणार आहे, पण त्यातली जी आठवण आम्ही मंडळी एकमेकांत कधी काढत नाही तीही सांगण्याचा माझा विचार आहे.

धोबी तलावला, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला, रंगभवन नावाचे राज्य शासनाचे खुले नाट्यगृह आहे. १९७८ सालची पहिली 'जॅझ यात्रा' (जॅझ संगीताचा महोत्सव) तिथेच भरली होती, आणि १९८६ पासून फरहाद वाडिया यांनी सुरू केलेला रॉक बँडांचा महोत्सव 'इंडिपेंडन्स रॉक', म्हणजे आमच्या भाषेत 'आय-रॉक', तिथे होऊ लागला. ज्या संगीताला आम्ही मोठ्या तोऱ्याने 'अंडरग्राउंड' म्हणत होतो ते सरकारी नाट्यगृहात, रीतसर परवानगी काढून वाजत होते, ही गंमत तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही. कार्यक्रम ऑगस्टातला आणि डोक्यावर उघडे आभाळ, त्यामुळे सर आली की पोरे भिजत नाचत आणि रंगमंचाच्या कडेला ठेवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरांवर ताडपत्री ओढण्यासाठी दोघेतिघे धावत. नव्वदच्या दशकाच्या आरंभी मी तिथे पहिल्यांदा गेलो तो डोंबिवलीहून, फॅशन स्ट्रीटवर घेतलेला काळा टी-शर्ट घरून निघताना साध्या शर्टाखाली घालून. तो शर्ट मी भायखळ्याच्या पुढे गेल्यावर काढून पिशवीत कोंबला. परतीच्या शेवटच्या लोकलमध्ये कान इतके बधिर झालेले असत की आम्ही एकमेकांशी ओरडून बोलत होतो आणि झोपेला आलेले प्रवासी आम्हाला शिव्या घालत होते.

तिथे वाजणारी गाणी आम्हाला पाठ असत ती कॅसेटींमुळे. परदेशी कंपन्यांचे परवाने घेतलेल्या काही कंपन्या इथे अधिकृत कॅसेटी काढत, पण आम्हाला हवे ते जहाल संगीत त्यांच्या यादीत क्वचितच सापडे. मग कुणाच्या तरी दुबईच्या मामाने आणलेली एक कॅसेट दोन खणांच्या टेपरेकॉर्डरवर उतरवली जाई, त्या नकलेवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. प्रत्येक नकलेबरोबर टेपची खरखर वाढते आणि उंच पट्टीचे ध्वनी विरत जातात, त्यामुळे ड्रमबरोबर वाजणारी सिम्बल, म्हणजे धातूची थाळी, सर्वांत आधी नाहीशी होते. माझ्यापर्यंत आलेली प्रत चौथी किंवा पाचवी असावी, कारण त्या वादकाच्या हाताशी सिम्बल आहे हेच मला कित्येक वर्षांनी सीडी ऐकताना कळले. ती सीडी मला आवडली नाही. एखाद्या ओळखीच्या माणसाने मिशी काढून समोर यावे तसे झाले.

आता ती कधी न काढलेली आठवण. रंगभवनात आलेले बहुतेक बँड मेटालिका, आयर्न मेडन, डीप पर्पल या परदेशी बँडांची गाणी जशीच्या तशी वाजवत आणि आम्हाला तेच हवे असे. एका संध्याकाळी कुठल्याशा महाविद्यालयाचा चार पोरांचा बँड आला. पहिले गाणे ओळखीचे वाजले, आम्ही नाचलो. मग गाणाऱ्या मुलाने माइक जवळ घेऊन पुढचे गाणे आमचे स्वतःचे आहे असे सांगितले, आणि मागच्या पायऱ्यांवरून हुर्यो सुरू झाली ती पुढपर्यंत आली. "मेडन, मेडन" असा गजर झाला, पाण्याच्या दोन-तीन बाटल्या रंगमंचावर पडल्या. गिटार वाजवणारा मुलगा आमच्याकडे पाठ करून तारा जुळवत राहिला, खरे तर त्या जुळलेल्याच होत्या. ओरडणाऱ्यांत मी होतो. गाणी इंग्रजीत ऐकायला आलेलो आम्ही, हुर्यो मात्र अस्सल मराठीत दिली. त्या गाण्याचा एक सूरही मला आज आठवत नाही, कारण आम्ही तो कुणाला ऐकूच दिला नाही.

याचे कारण मी पुष्कळदा शोधले आहे. मूळ बँड आपल्या गावी कधी येतील अशी आशाच नव्हती, त्यामुळे खरखरत्या कॅसेटमधले गाणे छातीत धडधडेल एवढ्या आवाजात ऐकण्याचा एकमेव मार्ग म्हणजे त्याची हुबेहूब नक्कल. बालगंधर्वांच्या नंतरही त्यांचे पद गाणाऱ्याकडून श्रोत्यांना त्यांचीच हरकत त्याच जागी हवी असे, त्यातलाच हा प्रकार. पण हे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटत नाही, कारण याच शहरात १९८४ साली सुरू झालेल्या 'रॉक मशीन' या बँडने १९८८ साली स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढलेला होता आणि तो आमच्याकडे होता. १९९३ पासून अमित सैगल यांचे 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे नियतकालिक अलाहाबादहून निघू लागले, त्यातही इथल्या बँडांची दखल घेतलेली असे, ते आम्ही वाचत होतो. स्वतःची गाणी करणारे लोक होते. कमी पडला तो श्रोता. आमच्यामागून आलेल्या पोरांनी हे बदलले. २००० साली मुंबईत 'डेमॉनिक रिझरेक्शन' हा बँड सुरू झाला, २००३ साली 'भयानक मौत', आणि त्यांच्या श्रोत्यांना त्यांचीच गाणी पाठ होती. तोवर आम्ही नोकऱ्यांना लागलो होतो आणि "आता पूर्वीसारखं राहिलं नाही" असे म्हणत होतो.

रंगभवनाबद्दलची आमची तक्रारही अशीच अर्धी आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरवता येते. रंगभवनाच्या एका बाजूला महाविद्यालय आणि जवळच कामा रुग्णालय असल्यामुळे पुढच्या काही वर्षांत तिथला मोठा आवाज थांबला. जुने मित्र भेटले की सरकारच्या नावाने बोटे मोडतात. कामा हे बायकांचे आणि बाळंतिणींचे रुग्णालय आहे, आणि आमच्या त्या संध्याकाळी तिथल्या खाटांवर कशा गेल्या असतील हे आमच्यापैकी कुणी कधी विचारले नाही.

१७ मार्च २००७ रोजी आयर्न मेडन बंगळूरला पॅलेस ग्राउंड्सवर आले. उद्यान एक्स्प्रेसने आम्ही पाच जण गेलो, दोघांचे केस गळलेले, एकाच्या पाठीला पट्टा. ते समोर आले, प्रत्यक्ष, आणि गर्दीतल्या प्रत्येकाला प्रत्येक शब्द येत होता. मी रडलो, हे कबूल करतो. मधेच त्यांनी नव्या अल्बममधले एक गाणे घेतले तेव्हा आमच्या शेजारचे काही लोक पाणी प्यायला निघाले, आणि मला पाठ करून उभा राहिलेला तो मुलगा आठवला.

माझ्याकडे त्या दिवसांतली एकच कॅसेट उरली आहे. कोऱ्या कॅसेटला पैसे नव्हते म्हणून मी वडिलांची छोटा गंधर्वांच्या नाट्यपदांची कॅसेट घेतली, पाठीवरच्या दोन खाचांना सेलोटेप लावला आणि तिच्यावर मेटालिका उतरवून घेतली. वडिलांना ते महिनाभराने कळले. ते काही बोलले नाहीत. अल्बमची बाजू त्या टेपपेक्षा थोडी आखूड होती, त्यामुळे शेवटच्या गिटारीचा घरघराट एकदम तुटतो, एक 'खट्' असा आवाज येतो, आणि पदाच्या अर्ध्यातून ऑर्गन सुरू होतो. सुमारे तीन मिनिटे छोटा गंधर्व गातात. तेच गाणे आज मोबाइलवर ऐकताना ते संपले की मी त्या ऑर्गनची वाट पाहतो.