राखेची वीट आणि मोठी आई

श्रोतेहो, नमस्कार. बाहेर पारा 45 च्या पुढे, आपण सगळे कूलरसमोर, आणि मला दिलेला विषय आहे निसर्गाला जड न जाणारं बांधकाम साहित्य कसं निवडावं. माझं उत्तर सोपं आहे. आधी जुनं, मग जवळचं. पुन्हा सांगतो, आधी जुनं, मग जवळचं.

नागपूरच्या महाल भागातलं आमचं कवेलूचं घर पाडायला घेतलं तेव्हाची गोष्ट. ठेकेदारानं मलब्यासाठी ट्रक सांगून ठेवले होते. आमची मोठी आई समोरच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसली. पहिली सागवानी तुळई खाली उतरली तशी म्हणाली, "हे कुठं घेऊन चालले बापा?"

"आजी, जुनं लाकूड आहे, सरपणात जाईन."

"मग मलेही घाल त्यातच. मी बी जुनीच आहो."

झालं! अकरा तुळया आणि चार चौकटी मोजून मागच्या अंगणात रचल्या गेल्या.

मग लाल विटांचा ट्रक आला. मोठी आईनं दोन विटा उचलून एकमेकींवर वाजवल्या. चांगली वीट खणखणते. ही 'थप' अशी वाजली. मग तिनं एक कमरेच्या उंचीवरून सोडली, तर तीन तुकडे. ट्रक परत! मिस्त्रीनं भीत भीत राखेच्या विटांचं नाव काढलं, तर बाई उसळलीच, "राखेचं घर? मसणात राहाचं काय आमाले?"

मिस्त्री वाद घालणारा नव्हता. त्यानं एक लाल आणि एक राखेची वीट किराणा दुकानात नेऊन तोलली, वजन पेन्सिलीनं विटेवरच लिहिलं, आणि दोन्ही रात्रभर बादलीत बुडवून ठेवल्या. सकाळी पुन्हा काट्यावर. लाल वीट 2800 ग्रॅमची 3500 झाली होती, राखेची 3000 ची 3400. दुकानासमोर गर्दी जमलेली. मोठी आईनं आकडे दोनदा वाचून घेतले आणि म्हणाली, "रातभरात हे सातशे ग्राम पाणी पेली. पावसाळाभर भिंत किती पेईन?"

लक्षात ठेवा, विटेनं प्यायलेलं पाणी तिच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त नको. वीस टक्के! आमची लाल वीट 25 वर गेली होती. सगळ्याच लाल विटा अशा नसतात, पण बादली आणि काटा तर प्रत्येकाला परवडतो.

आता ही राख कुठली, तर आपल्या कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांची. कोळसा जळतो तिथे, राख उरते आपल्याकडे. लाल विटेला शेताची वरची सुपीक माती लागते आणि भट्टीत पुन्हा कोळसा. औष्णिक केंद्रांच्या आसपासच्या विटांमध्ये राख वापरा, असं केंद्र सरकारच्या अधिसूचनेनं 1999 मध्येच सांगितलं. सिमेंटच्या पोत्यावर 'पीपीसी', म्हणजे पोर्टलंड पोझोलाना सिमेंट, लिहिलेलं असेल तर त्यातही बहुधा हीच राख असते, 15 ते 35 टक्के. तेवढा चुनखडीचा दगड भाजायचा वाचतो, आणि त्यातून उडणारा कार्बन वायूही.

वर्धा रोडवरच्या काचेच्या इमारतींबद्दल मला कुणी विचारलं नाही, तरी बोलतो. आपल्या उन्हात काच लावायची, मग आतून पडदे ओढायचे आणि एसी अठरावर ठेवायचा! त्यापेक्षा खसाची ताटी बरी. अंगणात पेव्हर ब्लॉक ठोकणाऱ्यांवर तर मी वेगळं भाषण देईन. असो. गच्चीला मात्र उन्हाळ्याआधी पांढरा चुना मारा, खालच्या खोलीत फरक जाणवतो.

आमचं घर राखेच्या विटांत उभं राहिलं, दारांना त्याच चार चौकटी. मोठी आईची एकच तक्रार उरली. भिंतीत हातानं खिळा जात नाही, देवाच्या फोटोसाठी ड्रिलवाला बोलवावा लागतो. तो आला की त्याला चहा द्यायच्या आधी ती बादली-काट्याची गोष्ट ऐकवते. नमस्कार.