बेसूर, बेबनाव आणि विवादी स्वर

सन्माननीय सभासदहो, आणि लेकरांकडे खानदेशातून आलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनो,

मागील बैठकीच्या इंग्रजी इतिवृत्तात ‘डिस्कॉर्ड’ हा शब्द आला, तेव्हा त्याचा अर्थ कोणी ‘भांडण’ असा लावला, कोणी ‘बेसूर’. दोन्ही अर्थ त्यात आहेत, आणि तेवढ्यावर तो संपतही नाही.

लॅटिनमधील ‘कोर’ म्हणजे हृदय. त्याला फारकतीचा ‘डिस’ उपसर्ग लागून मने दुभंगण्याचा शब्द तयार झाला व फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. वाद्याची तार त्याच्या मुळाशी नाही. संगीताचा अर्थ त्याला पुढे चिकटला. मराठीत मनेही जुळतात आणि सूरही जुळतात, हे मला फार मोलाचे वाटते.

मने न जुळण्याचे बारकावे आपल्या भाषेने जपले आहेत. बेबनाव आतल्या आत राहतो, तेढ धुमसत राहते, वितुष्ट आले की येणे-जाणे थांबते. गिरणाकाठच्या आमच्या गावात शेताच्या बांधावरून चुलतभावांचे बोलणे बंद झाले की लोक भाऊबंदकी म्हणत, आणि ती पेटवणारा तो कळलाव्या. ग्रीक कथेत देवतांमध्ये सोनेरी सफरचंद टाकणारी एरिस अशीच; रोमनांनी तिला डिस्कॉर्दिया हे नाव दिले.

संगीतातला अर्थ मात्र वेगळा आहे. पाश्चात्त्य संगीतात डिस्कॉर्ड म्हणजे चुकलेला सूर नव्हे. एकत्र वाजताना कानाला अस्वस्थ करून पुढच्या मेळाची ओढ लावणारे ते स्वर असतात. आपल्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन ग्रंथानेही वादी (प्रमुख), संवादी (त्याला साथ देणारा), अनुवादी (पूरक) या स्वरांच्या पंक्तीत विवादी, म्हणजे न जुळणाऱ्या, स्वराला बसवले आहे. केदार रागात कोमल निषाद (उतरलेला ‘नी’) असाच, धैवताच्या (‘ध’च्या) आधाराने, निसटता लागतो. तो जाणत्या गळ्यातून आला तर राग खुलतो, अजाणतेपणी लागला तर बेसूर ठरतो.

हे सारे सांगण्याचे कारण आपल्या मंडळातच आहे. खानदेशातल्या कानबाई देवीच्या उत्सवाच्या कार्यक्रमाचे निवेदन प्रमाण मराठीत असावे की आपल्या खानदेशी बोलीत, अहिराणीत, यावरून आपल्यात मतभेद झाले, आणि इतिवृत्तात त्यालाच ‘डिस्कॉर्ड’ म्हटले गेले. लहानपणी वर्गात ‘मला’ऐवजी ‘माले’ म्हटले म्हणून मला उभे केले होते. तेव्हापासून घरची बोली चारचौघांत मी दबक्या आवाजात बोलत आलो. तो मतभेद भाऊबंदकी नाही, म्हणून इतिवृत्ताच्या मराठी प्रतीत मी ‘मतांतर’ हा शब्द सुचवतो, आणि निवेदनाचा निदान आरंभ अहिराणीत व्हावा, अशी विनंती करतो.