तमारी अटक शुं?

(बडोद्यातल्या एका मराठी वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचं नाव 'नागरी हक्कांसाठी हिंसेचं समर्थन' असं छापलंय. पुढचं प्रश्नचिन्ह छापखान्यात गळलं. परवापासून दोघांनी फोन करून विचारलं, "ताई, तब्येत बरी आहे ना?" बरी आहे. प्रश्नचिन्ह आहे असं धरून चालू या.

बोलायचंय उत्तर आयर्लंडबद्दल, म्हणजे आयर्लंड बेटाच्या ब्रिटनकडे राहिलेल्या, तेव्हा प्रॉटेस्टंट बहुसंख्य असलेल्या तुकड्याबद्दल. तिथल्या कॅथलिकांना हक्क मिळाले ते बंदुकीमुळे की बंदूक असूनही, हा माझा जुना छंद. घरी विषय काढला की ह्यांना नेमकी भाजी आणायची आठवण होते. तुम्ही मात्र आपणहून आलायत, आणि बाहेर सेव-उसळ व्याख्यानानंतरच मिळणार आहे. पंचेचाळीस मिनिटं आहेत. पण तिथल्या राजधानीला, बेलफास्टला, मी आपल्या बडोद्याच्या कारेलीबागेवरून जाणार.

1988 साली लग्न होऊन मी सांगलीहून इथे आले. भाड्याचं घर शोधत होतो, सासूबाई बरोबर. दलालाने स्कूटर स्टँडला लावली, डायरी उघडली आणि विचारलं, "बेन, तमारी अटक शुं?" सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. "अटक? अगं, आपण काय केलंय?" हसताय, कारण तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी हे घडलंय. गुजरातीत अटक म्हणजे आडनाव, हे त्यांना कळेपर्यंत त्या बिचाऱ्या मनातल्या मनात जामीन शोधत होत्या.

आडनाव सांगितलं. दलालाचा चेहरा सैल झाला. मग पोटप्रश्न, म्हणजे शब्दशः पोटाचे: अंडं? नाही. मासे? नाही. कांदा-लसूण? इथे सासूबाई तावात आल्या, "कांद्याशिवाय पोहे कसे करायचे हो?" दलालाने मोठ्या मनाने कांदा माफ केला. जिना चढताना तो वरच्या मालकाला ओरडून म्हणाला, "मराठी छे, पण आपणा जेवा ज!" आपल्यासारखेच आहेत. मला तेव्हा तो सन्मान वाटला. त्याच जिन्यात एक कुटुंब खाली उतरत होतं. त्यांच्याबद्दल वेळ उरला तर सांगते.

याच गावात 1917 साली एका माणसाला घर मिळालं नव्हतं. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला शिकलेला, महाराजांच्याच नोकरीत रुजू व्हायला आलेला. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिला. अकराव्या दिवशी डझनभर माणसं काठ्या घेऊन वर आली. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय: त्यांचा पहिला प्रश्न होता, तू कोण? म्हणजे तमारी अटक शुं. दोन मित्रांनीही घरात घ्यायचं टाळलं आणि बाबासाहेब कमाटीबागेत बसून राहिले, रात्रीच्या गाडीने मुंबईला जायला. आपण तिथे रविवारी भेळ खातो.

(इथे अध्यक्षांनी पंचवीस मिनिटं झाल्याची चिठ्ठी पाठवली.) पंचवीस? बरं. आयर्लंड.

तिथेही गोष्ट घरापासूनच सुरू होते. स्थानिक निवडणुकीत मत फक्त घरधन्याला आणि त्याच्या जोडीदाराला. पोटभाडेकरूला नाही, बापाच्या घरात राहणाऱ्या वयात आलेल्या मुलालाही नाही. कंपन्यांना मात्र जादा मतं. म्हणजे घर नाकारलं की मतही आपोआप नाकारलं जातं. आणि घरं वाटणार कोण? नगरपालिका. डेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य, पण वॉर्ड असे कापलेले की 1967 च्या पालिकेत युनियनिस्ट (ब्रिटनशी जोडून राहू पाहणारे, बहुतेक प्रॉटेस्टंट) बारा, नॅशनॅलिस्ट (आयर्लंड एक करू पाहणारे, बहुतेक कॅथलिक) आठ. जून 1968 मध्ये कॅलेडन गावात पालिकेचं घर एका एकोणीस वर्षांच्या अविवाहित प्रॉटेस्टंट मुलीला मिळालं, मुलाबाळांची कॅथलिक कुटुंबं ताटकळत असताना. ऑस्टिन करी नावाचा आमदार त्या घरात घुसून बसला आणि पोलिसांनी त्याला बाहेर काढलं.

नाव, शाळा, इंग्रजी 'एच' अक्षराचा उच्चार, सगळ्यावरून तिथे धर्म ओळखतात. शहराचं नावही डेरी की लंडनडेरी, यावरून. आपण बडोदं म्हणतो, पाटीवर वडोदरा असतं. कुणी कुणाला मारत नाही, टच वुड. आणि 9 ऑगस्ट 1971 ला खटल्याविना तुरुंगात टाकायला सुरुवात झाली, तेव्हा पहिल्या धाडीत तीनशेहून जास्त माणसं उचलली, जवळजवळ सगळी एकाच समाजातली. अटक बघून अटक. सासूबाईंचं बरोबरच होतं.

आता दहा मिनिटांत मुद्दा, भराभर. 5 ऑक्टोबर 1968 ला डेरीत बंदी मोडून मोर्चा निघाला, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, टीव्हीच्या कॅमेऱ्यात ते सापडलं. सात आठवड्यांत सरकारने कंपन्यांची मतं काढायचं, घरवाटपाला नियम लावायचं, डेरीची पालिका बाजूला सारायचं जाहीर केलं. एप्रिल 1969 मध्ये प्रत्येकाला एक मत मान्य झालं. प्रोव्हिजनल आयआरए, ही बंदूक घेऊन लढणारी संघटना, जन्मली त्या वर्षीच्या डिसेंबरात. तारखा लिहून घ्या, यात माझं अर्धं व्याख्यान आहे.

उरलेलं अर्धं माझ्या विरोधातलं आहे. ऑगस्ट 1969 मध्ये डेरीतल्या बॉगसाइड या कॅथलिक वस्तीच्या पोरांनी पोलिसांवर दगड आणि पेट्रोल बॉम्ब फेकले नसते, तर लंडनने सुधारणांची एवढी घाई केली असती का? नसती. बी-स्पेशल्स हे कुप्रसिद्ध राखीव पोलीस 1970 मध्ये बरखास्त झाले, त्यात त्या दंगलीचा वाटा आहे. हे लपवलं तर मी तीस वर्षं इतिहास शिकवला तो कशाला? आणि 30 जानेवारी 1972 ला डेरीत ब्रिटिश लष्कराने निःशस्त्र मोर्चावर गोळ्या घालून तेरा जणांना जागीच मारलं, चौदावा नंतर गेला. त्या रात्री बंदूक मागणाऱ्या पोराला मी काय व्याख्यान देणार? त्या मोर्चाचा एक म्होरक्या आयव्हन कूपर मात्र स्वतः प्रॉटेस्टंट होता, हे विसरू नका.

वस्तीवर चाल करून येणाऱ्या पोलिसाला दगड, हे मी समजू शकते. अरविंदबाबू घोष या गावात शिकवत असताना क्रांतीची आखणी करत होते, तेही समजू शकते. त्यांचा वाद राज्याशी होता. सांप्रदायिक हिंसा वेगळी. ती आधी अटक विचारते. ज्या प्रश्नापासून सुटका हवी म्हणून लढाई, तोच प्रश्न बंदूक लावून विचारायचा, तर जिंकलं काय? साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. शेवटी 1998 च्या करारात मिळालं ते दोन्ही समाजांनी मिळून राज्य करणं, जे 1973 मध्ये इंग्लंडात सनिंगडेलच्या वाटाघाटींत टेबलावर होतं आणि पुढच्या मे महिन्यात लॉयलिस्टांनी, म्हणजे कडव्या ब्रिटननिष्ठ प्रॉटेस्टंटांनी, संप करून उधळलं. तिथले कॅथलिक बाजूचे नेते शेमस मॅलन म्हणाले, 1998 चा करार म्हणजे मंद विद्यार्थ्यांसाठी सनिंगडेल. मास्तर माणूस.

दोन मिनिटं, अध्यक्ष महाराज. 5 जानेवारी 1976, किंग्जमिल. कापडगिरणीतले कामगार मिनीबसने घरी निघालेले. आदल्या संध्याकाळी त्या भागात दोन कॅथलिक कुटुंबांवर घरात घुसून गोळीबार झालेला. बंदूकवाल्यांनी गाडी थांबवली, सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि विचारलं, यातला कॅथलिक कोण? एकच होता. शेजारच्या प्रॉटेस्टंट सोबत्यांना वाटलं, याला मारणार. त्यांनी त्याला धरून ठेवलं, पुढे होऊ नकोस म्हणून. पण त्याला पळ म्हणून सांगितलं आणि बाकीच्यांवर गोळ्या झाडल्या. दहा मेले, एक वाचला.

आणि ते जिन्यातलं कुटुंब. मराठीच होतं, ह्यांच्याच ऑफिसातलं, मुलीच्या वेण्यांना लाल रिबिनी. दलाल त्यांना म्हणाला, फ्लॅट गेला. आम्ही तेव्हा तोच फ्लॅट बघायला वर चढत होतो. त्या बाईने माझ्याकडे पाहिलं. मी बाजूला सरून त्यांना उतरायला जागा दिली.