काट्यावरच्या आकड्याआधी मांडीतलं बळ

तायांनो, मावश्यांनो, गुहागर-दापोलीकडे एक वाक्य सारखं कानावर येतं: 'हार्मोन्स बिघडलेत, म्हणून वजन वाढतंय.' ते खोटं नाही. पण पोटावरची चरबीही हार्मोन्स बिघडवते, आणि या सगळ्यात स्नायूंची आठवण कोणालाच येत नाही.

आपण भात जेवतो, त्याची साखर रक्तात येते. इन्सुलिन या हार्मोनच्या हुकमानं त्यातली सर्वांत जास्त साखर ओढून घेतात ते स्नायू. ते बसून सुस्तावले, त्यांच्यात चरबी साचली, की इन्सुलिनला दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. स्नायूंनी दाद दिली नाही तरी बीजकोश देतात! तिथे पुरुषी हार्मोन्स जास्त तयार होतात. त्यांना बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात बनतं, तेही कमी पडतं. पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, मुरुमं येतात. पीसीओएस या बीजकोशांच्या विकारात बऱ्याच जणींचं हेच होतं, सडपातळ मुलींचंही. तेव्हा 'जाडी आहेस म्हणून' असं लेकीला कृपा करून बोलू नका.

आता आशेची गोष्ट. स्नायू काम करत असतो तेव्हा इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर आत घेतो. म्हणून जेवल्यावर लगेच आडवं न होता पंधरा मिनिटं पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, चढा-उतरा.

पूर्वी विहिरीचं पाणी आणि भाताची लावणी यांतच ही मेहनत होऊन जायची. ते दिवस परत यावेत असं मी मुळीच म्हणणार नाही. अर्धपोटी केलेल्या त्या कष्टांनी आपल्या आयांच्या कमरा मोडल्या. पण नळ आला, गॅस आला, तसा व्यायाम मात्र आला नाही. त्यात तिशीनंतर दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात. पाळी जाताना इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन घटतं आणि चरबी पोटाकडे सरकते. कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला, तर साखर तपासून घ्या. वजन वाढण्याबरोबर थकवा असेल, पाळी बिघडली असेल, तर थायरॉईडही.

उपाशी राहून वजन उतरतं, पण त्यात स्नायूही जातो. साबुदाण्यात तर प्रथिनं जवळजवळ नाहीतच. १०० ग्रॅम कुळथात साधारण २२ ग्रॅम असतात, पण पातळ पिठीत कुळीथ पडतो चमचा-दोन चमचे! त्यापेक्षा उसळ करा. बांगडा घरात येतो, तेव्हा मधला तुकडा स्वतःच्याही ताटात वाढून घ्या.

आठवड्यातून निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा. हात न टेकता खुर्चीतून उठा-बसा, भिंतीवर हात टेकून उभ्यानं दंड काढा. सोपं वाटू लागलं की हातात पाण्याच्या भरल्या बाटल्या घ्या. चालू असलेल्या गोळ्या मात्र मनानं बंद करायच्या नाहीत.

मागून मावशी विचारतायत, गुडघे दुखतात त्यांनी काय करायचं? मावशी, खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा, सुरुवातीला टेबलाचा आधार घ्या, झेपेल तेवढंच उठा-बसा. मांडी बळकट झाली की गुडघ्यावरचा ताण हलका होतो. गुडघा सुजलेला असेल, तर आधी दाखवून घ्या.