आडवेळेची पाळी कोण घेणार?

श्रोतेहो, नमस्कार. ईस्टरआधीचा उपवासकाळ आला की गर्भपात केंद्रांबाहेर, गर्भपात थांबावेत म्हणून, चाळीस दिवसांचं प्रार्थना-जागरण सुरू होतं. २००४ साली टेक्सासमधल्या ब्रायन-कॉलेज स्टेशनला ते पहिल्यांदा झालं. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून मोजलं की चाळिसावा दिवस झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी येतो.

आता हिशेब बघा. सकाळी ७ ते संध्याकाळी ७ म्हटलं तरी ४८० तास. तासाला दोघं, म्हणजे ९६० पाळ्यांची सोय. तरुण मंडळी उत्साही खरी, पण शनिवारी सकाळी पंधराजण हजर आणि मंगळवारी अकराला चिटपाखरू नाही! शिवाय पंधराजण एकत्र उभे राहिले की तो मोर्चाच दिसतो. चौघं पुरेत. लेक्चर नसलेला तास आधी द्या. एकट्यानं उभं राहू नका, आणि पुढची जोडी आल्याशिवाय हलू नका.

उभं राहायचं ते सार्वजनिक फूटपाथवर. गाड्या आत वळतात तिथे तर नाहीच. अमेरिकेत केंद्राची वाट अडवणं १९९४ पासून फेडरल गुन्हा आहे. इंग्लंड-वेल्समध्ये ३१ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राभोवती १५० मीटरचं संरक्षित क्षेत्र आहे, स्कॉटलंडमध्ये २०० मीटरचं; त्याच्या आत असं उभं राहणं गुन्हा ठरू शकतो. तिथे हे जागरण चर्चमध्ये, पवित्र साक्रामेंतासमोर (ख्रिस्ताचं शरीर मानल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीसमोर) करणंच शहाणपणाचं.

जपमाळेची पाच रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले मनन करायचे पाच प्रसंग, वीसेक मिनिटांत होतात. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची. उरलेला वेळ स्तोत्रं आणि मौन. आवाज शेजारच्याला ऐकू जाईल इतकाच. राखेच्या बुधवारी १८ ते ५९ वयाच्यांना एकच पोटभर जेवण असतं, त्यामुळे त्या दिवशी सलग दोन पाळ्या घेऊ नका, चक्कर येते.

बिघडतं ते बहुतेक तोंडामुळे. कुणी शिवी देतो, कुणी मोबाइल रोखतो, आणि आपला एखादा उत्तर द्यायला सरसावतो. जप चालू ठेवा. आत जाणाऱ्या बाईच्या हातात पत्रक कोंबू नका, मागे जाऊ नका. सेल्फीही नको, मागे तिचा चेहरा किंवा गाडीचा नंबर येतो, आणि तो पुसता येत नाही.

ती आपणहून थांबलीच, तर प्रशिक्षण घेतलेल्या एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी जप सोडायचा नाही. त्याच्या खिशात गरोदर बायकांना आधार देणाऱ्या मदत केंद्राचं कार्ड हवं. त्यावरचा नंबर त्याच सकाळी लावून बघा, शनिवारी ते मदत केंद्र उघडं असतं का तेही विचारा.